पेन तिच्याच हातात राहू दे

प्रिय ताई,

तुझं नाव लिहीत नाही, कारण हे पत्र तुझ्या एकटीसाठी नाही. मुंबईत, पुण्यात, सेवाग्रामला, जिथे जिथे सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण चालतं, तिथे पहिल्या वर्षाची मुलं बायोस्टॅटमध्ये किंवा डेझर्टेशनच्या लिखाणात अडली की ज्या सीनियरचं दार ठोठावतात, ती तू. कुठे तुझ्या जागी एखादा दादा असतो. कुठे संस्थेने रीतसर ‘पीअर ट्युटर’ म्हणून नेमलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी नेमणूक नसते, नुसती ‘ताईला विचार, ती नीट समजावते’ एवढी ख्याती असते. मी संख्याशास्त्र शिकवतो. फळ्यावर मी मांडलेलं कित्येकदा तुझ्या शेजारी बसल्यावरच मुलांच्या डोक्यात उतरतं, हे मला ठाऊक आहे. त्याबद्दल तुझे आभार कुणी चारचौघांत मानत नाही, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे.

नुसते आभार मानायचे असते तर चार ओळी पुरल्या असत्या. तुझ्या कामाचं मोल काय, ते कोणत्या पद्धतीने केलं तर टिकतं आणि ते तुझ्या एकटीच्या चांगुलपणावर का सोडता कामा नये, हे मला सांगायचं आहे.

आपला वर्ग कसा असतो बघ. एका बाकावर एमबीबीएस झालेला मुलगा, शेजारी बीएएमएस नाहीतर बीडीएस झालेली मुलगी. मागे अनेक वर्षं वॉर्डात काढून आलेली स्टाफ नर्स. तिच्यापलीकडे समाजकार्याची पदवी घेतलेला मुलगा, ज्याचा गणिताशी संबंध दहावीलाच संपला. कुणाचं शिक्षण पहिल्यापासून इंग्रजीतून, कुणाचं बारावीपर्यंत मराठीतून. या सगळ्यांपुढे पहिल्याच वर्षी स्टँडर्ड डेव्हिएशन, काय-स्क्वेअर टेस्ट, रिग्रेशन आणि पाठोपाठ सिनॉप्सिस येऊन पडतं. आम्ही शिक्षक सरासरी विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून शिकवतो, आणि तसा विद्यार्थी या वर्गात सापडत नाही.

त्यात भर पडते संकोचाची. ‘पी-व्हॅल्यू म्हणजे नेमकं काय?’ हे गाइडला विचारायला डॉक्टर झालेल्या माणसाची जीभ रेटत नाही. तुला विचारताना ती रेटते, कारण गेल्या वर्षी तूही तिथेच अडली होतीस हे त्याला माहीत असतं. वर्षानुवर्षं एखादी गोष्ट शिकवली की ती कळत नव्हती तेव्हा नेमकं कुठे घोडं अडलं होतं, हे विसरायला होतं. तुला ते अजून लख्ख आठवतं. हे तुझं भांडवल आहे, आणि ते कुठल्याही प्राध्यापकाकडे तुझ्याइतकं ताजं नसतं.

आता रोजच्यातलंच एक उदाहरण घे. ज्युनियर सिनॉप्सिस घेऊन येते. विषय आहे अंगणवाडीतल्या मुलांमधला खुजेपणा. ‘ताई, सॅम्पल साइझ काढून दे ना, उद्या एथिक्स कमिटीत टाकायचंय.’ सूत्र आपल्याकडे सगळ्यांना पाठ: फोर पीक्यू बाय डी स्क्वेअर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण ३५.२ टक्के आलं. सोयीसाठी पी, म्हणजे हे प्रमाण, ३५ धरला, आणि क्यू म्हणजे उरलेले ६५. आता डी, म्हणजे चालण्याजोगी चूक, किती धरायचा? सरळ ५ धरला तर उत्तर येतं ३६४ मुलं. पीच्या १० टक्के, म्हणजे ३.५ धरला तर ७४३. पीच्या २० टक्के, म्हणजे ७ धरला तर १८६. सूत्र तेच, पी तोच, आणि मुलांची संख्या १८६ पासून ७४३ पर्यंत, जवळजवळ चौपट.

१८६ हा आकडा तू दोन मिनिटांत लिहून देऊ शकतेस. ती खूश होऊन जाईल. पण तू तसं न करता विचारतेस, ‘१८६ मुलं मोजलीस आणि उत्तर ३५ टक्के आलं, तर खरं प्रमाण साधारण २८ ते ४२ च्या दरम्यान कुठेही असू शकतं. तुझ्या तालुक्यातल्या पोषणाच्या कामाला २८ आणि ४२ मध्ये काही फरक पडतो का?’ ती विचार करते आणि म्हणते, ‘खूप पडतो.’ ‘मग तुला किती अंतर चालेल? आणि तेवढी मुलं मोजायला वेळ आहे का?’ आता डी ती स्वतः ठरवते आणि तो का ठरवला याचं एक वाक्य सिनॉप्सिसमध्ये घालते. पाठोपाठ तुझा पुढचा प्रश्न, ‘यादीतून एकेक मूल निवडणार, की आधी अंगणवाड्या निवडणार?’ अंगणवाड्या निवडल्या तर एका वस्तीतली मुलं खाण्यापिण्यात एकमेकांसारखी असतात, म्हणून डिझाइन इफेक्ट धरावा लागतो. तो २ धरला की ३६४ चे ७२८ होतात. अर्ध्या तासात तिला सूत्रामागचा हिशेब कळलेला असतो. पुढे व्हायव्हामध्ये परीक्षकाने ‘हाच आकडा का?’ विचारलं, तर ती इकडेतिकडे बघणार नाही.

या बैठकीत सॅम्पल साइझचा आकडा तू तिला दिला नाहीस, प्रश्न विचारलेस. तुझ्या कामाचं मर्म मला इथे दिसतं.

लिखाणाचंही तसंच. डेझर्टेशन बहुधा इंग्रजीत असतं, म्हणून मुलं ‘ताई, जरा ग्रामर बघ’ म्हणत येतात. बघायला गेलं तर ग्रामरची चूक किरकोळ असते, घोटाळा अर्थात असतो. समज, लोहाच्या गोळ्या नियमित न घेणाऱ्या १०० स्त्रियांपैकी ६० जणींना रक्तक्षय आहे आणि नियमित घेणाऱ्या १०० पैकी ४० जणींना. सॉफ्टवेअर ऑड्स रेशो देतं २.२५. ज्युनियर लिहिते, ‘गोळ्या न घेतल्यामुळे रक्तक्षयाचा धोका सव्वादोन पट वाढतो.’ वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे आणि दोन ठिकाणी चुकलेलं आहे. साठाला चाळिसाने भाग, प्रमाण दीडपट येतं. सव्वादोन हा ऑड्सचा, म्हणजे आजारी आणि निरोगी यांच्या गुणोत्तरांचा, हिशेब आहे. आजार दुर्मिळ असेल तर दोन्ही आकडे जवळजवळ येतात, पण रक्तक्षय दुर्मिळ नाही. दुसरं असं, की तिने एकदाच जाऊन मोजणी केली आहे. आधी काय घडलं आणि नंतर काय, हे त्या मोजणीत दिसत नाही, मग ‘घेतल्यामुळे’ आणि ‘वाढतो’ कशाच्या जोरावर लिहायचं? ही चूक संख्याशास्त्राची म्हणावी की लेखनाची? दोन्ही एकाच वाक्यात गुंतलेली आहेत. म्हणून लेखनाची शिकवणी एकीकडे आणि संख्याशास्त्राची दुसरीकडे अशी वाटणी सार्वजनिक आरोग्यात जमत नाही. तुझ्या टेबलावर दोन्ही एकत्र होतात, हे योग्यच आहे.

आणखी एक आकडा बघ. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधला रक्तक्षय याच सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, ४८ टक्के होता आणि पाचव्या फेरीत ५४.२. कुणी लिहितं ‘सहा टक्क्यांनी वाढला’, कुणी ‘तेरा टक्क्यांनी’. पहिल्याने वजाबाकी केलेली असते, दुसऱ्याने त्या वजाबाकीला ४८ ने भागलेलं असतं. दोघांचं गणित बरोबर आहे, पण काय केलं ते सांगितलं नाही तर वाचणाऱ्याची दिशाभूल होते. मूळचे दोन्ही आकडे वाक्यात ठेवायचे, एवढी एक सवय तू ज्युनियरला लावलीस तरी मोठं काम झालं.

अशा वेळी मला तुझी एक रीत फार मोलाची वाटते. तू म्हणतेस, ‘लॅपटॉप मिट. तुला काय सापडलं ते मला मराठीत सांग, घरी आईला सांगशील तसं.’ ती सांगायला लागते आणि तिसऱ्या वाक्याला अडते. जिथे अडते तिथे तिला स्वतःलाच ते कळलेलं नसतं. तेवढं उलगडलं की इंग्रजी वाक्य आपोआप सरळ होतं. आपल्या भाषेत ज्याचा अर्थ सांगता येत नाही, त्यावर परक्या भाषेतल्या लांबलचक वाक्यांचं पांघरूण घालता येतं. ते पांघरूण काढायला शेजारी बसलेलं, घाई नसलेलं, मार्क न देणारं माणूस लागतं.

ही देवाणघेवाण एका बाजूने चालत नाही, हेही तू अनुभवलं असशील. जन्मवजनांच्या नोंदींचा आलेख काढला की बरोबर २.५ किलोवर एक उंच मनोरा उभा राहतो. पुस्तकातला गुळगुळीत घंटाकार आलेख कुठे दिसत नाही. तू सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत असतेस आणि शेजारी बसलेली नर्स सांगते, ‘अगं, काट्यावर २.४५ दिसलं तर घाईत २.५ लिहिलं जातं.’ कमी वजनाचं बाळ म्हणजे २.५ किलोच्या आतलं. त्यामुळे काठावरची कितीतरी बाळं एका राउंड केलेल्या आकड्यामुळे धोक्याच्या यादीतून निसटतात. हे तिला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही, लेबर रूमच्या रजिस्टरने शिकवलं. तू तिला हिस्टोग्राम शिकवलास आणि तिने तुला त्याचा अर्थ दाखवला. पुढच्या आयुष्यात डॉक्टर, नर्स, सांख्यिकी अधिकारी आणि आशा कार्यकर्ती यांना असंच एकमेकांकडून शिकत काम करायचं आहे. त्याचा सराव तुझ्या टेबलावर सुरू होतो.

विद्यार्थ्यानेच विद्यार्थ्याला शिकवण्याच्या या पद्धतीचा एक जुना धागा आपल्याच देशातला आहे. १७८९ मध्ये अँड्र्यू बेल नावाचे स्कॉटिश पाद्री मद्रासजवळ एग्मोरच्या अनाथाश्रमातल्या शाळेचे प्रमुख झाले. एका देशी शाळेत मुलं वाळूत अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली. ती रीत आपल्या शाळेत आणायला त्यांचे शिक्षक राजी होईनात, तेव्हा त्यांनी ते काम आठ वर्षांच्या एका मुलावर सोपवलं, आणि त्याने लहानग्यांना अक्षरं शिकवून दाखवली. १७९७ मध्ये बेल यांनी या प्रयोगाचा वृत्तांत लंडनमध्ये छापला आणि ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडभर पसरली. पण तिची दुसरी बाजूही लक्षात ठेव. थोड्या पगारी शिक्षकांत शेकडो मुलं उरकता येतात, हे तिचं आकर्षण होतं, आणि मोठ्या मुलांकडून लहानांची घोकंपट्टी करून घेणं एवढंच पुष्कळ ठिकाणी उरलं. स्वस्तात काम भागवायचं साधन म्हणून वापरली, तर ही चांगली गोष्ट अशी बिघडते.

दुसरा धागा न्यूयॉर्कचा. १९७० मध्ये तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या सगळ्या विद्यार्थ्यांसाठी दारं उघडली. कॉलेजच्या लिखाणाची सवय नसलेली असंख्य मुलं आली. त्यांना कॉलेजांनी जादा मदत देऊ केली, तर बरीच मुलं तिकडे फिरकेनात, कारण ते पुन्हा वर्गासारखंच वाटे. ब्रुकलिन कॉलेजचे केनेथ ब्रुफी यांनी विद्यार्थ्यांनाच प्रशिक्षण देऊन विद्यार्थ्यांच्या शेजारी बसवलं, आणि पुढे १९८४ मध्ये या अनुभवावर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की माणूस आधी बोलून विचार करायला शिकतो आणि मग लिहायला, म्हणून चांगलं लिहायचं तर आधी बरोबरीच्या माणसाशी त्या विषयावर चांगलं बोलता आलं पाहिजे. आपल्या मिश्र वर्गाला हे किती चपखल लागू पडतं बघ.

‘एवढा कीस कशाला? डेझर्टेशन शेवटी कपाटात जाणार,’ असं कुणी तुला म्हणेल. तेव्हा गडचिरोलीकडे बोट दाखव. अभय आणि राणी बंग या दोघांनी १९८४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली, म्हणजे तुझ्यासारखेच तेही याच अभ्यासक्रमाचे विद्यार्थी होते. परत येऊन त्यांनी गडचिरोलीत ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये निष्कर्ष छापून आले: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. तुलनेची गावं नसती तर ‘तो तसाही कमी झाला असता’ म्हणून कुणीही बोळवण केली असती. २०११ पासून आशा कार्यकर्तीच्या नवजात गृहभेटी राष्ट्रीय कार्यक्रमात आल्या. आणि महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंचा अहवाल काढायची वेळ आली, तेव्हा तो ‘कोवळी पानगळ’ या नावाने मराठीत आला, कारण तो इथल्या लोकांनी आणि इथल्या सरकारने वाचायला हवा होता. जपून मोजलेलं आणि वाचणाऱ्याला कळेल असं लिहिलेलं, ही दोन्ही अंगं एकत्र आली म्हणून हे आकडे लोकांच्या कामी आले.

पुण्यातलाही एक वाद तुझ्या ज्युनियरना जरूर सांग. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा अभ्यास मांडताना दररोजच्या सरासरी २२५० उष्मांकांचा आधार घेतला. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा आक्षेप असा, की निरोगी माणसाचं खाणंही दिवसागणिक आणि माणसागणिक बदलतं. सरासरीच्या खाली आलेला प्रत्येक जण कुपोषित धरला तर संख्या फुगते, म्हणून सीमारेषा सरासरीपासून दोन स्टँडर्ड डेव्हिएशन खाली हवी. दांडेकरांना हे मान्य नव्हतं. कोण बरोबर, यावर विद्वानांनी बरीच शाई खर्च केली. पण विद्यार्थ्याने एवढं तरी पाहावं, की जे स्टँडर्ड डेव्हिएशन तो परीक्षेपुरतं पाठ करतो, त्याच्या आधारे सीमारेषा कुठे आखायची यावर देशात भुकेले किती, याचं उत्तर कोट्यवधींनी बदलतं.

आकड्याला एवढं वजन असतं, म्हणून ज्युनियर लिहीत असताना पेन तिच्याच हातात राहू दे. तुझं लिखाण चांगलं आहे, तुझ्या हातून तिचा परिच्छेद पाच मिनिटांत झकास होईल, आणि डेडलाइनच्या आदल्या रात्री तो मोह फार होतो. तरीही कीबोर्ड स्वतःकडे ओढू नकोस. पैसे घेऊन ॲनालिसिस आणि अख्खं डेझर्टेशन करून देणारे बाजारात बसलेच आहेत, आणि आता मोबाइलवरचं एआयही मागाल तसे परिच्छेद पुरवतं. तयार मजकूर मिळणं सोपं झालं आहे. शेजारी बसून ‘याचा अर्थ काय?’ असं विचारणारं माणूस मिळणं तसं सोपं झालेलं नाही, आणि तू नेमकी तिथे आहेस. आज जिने न समजता १८६ लिहिलं, तिला उद्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या कार्यालयात साथीचे आकडे वाचायचे आहेत. तिथे तू शेजारी नसशील.

काही पथ्यंही सांगतो. मास्टर चार्टवर रुग्णांची नावं, फोन नंबर दिसले तर आधी ते काढून टाकायला सांग, मग आकडे बघ. एखादी टेस्ट तुलाच नीट माहीत नसेल तर तसं मोकळेपणाने सांग आणि दोघी मिळून शिक्षकांकडे या. गाइडने सांगितलेलं तुला पटलं नाही, तर ज्युनियरला मधल्यामध्ये अडकवू नकोस. प्रश्न लिहून काढायला तिला मदत कर, तो विचारू दे तिला. कुणाची पी-व्हॅल्यू ०.०६ आली म्हणून ती हिरमुसली, तर ०.०५ ही माणसांनी सोयीसाठी आखलेली रेघ आहे हे समजाव. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये हेच जाहीर निवेदनात बजावलं, की केवळ या रेघेच्या अलीकडे-पलीकडे बघून निर्णय घेऊ नयेत. कॉन्फिडन्स इंटरव्हल बघायला शिकव. आणि तुझं स्वतःचं डेझर्टेशन मागे पडू देऊ नकोस. ‘आज नाही जमणार’ म्हणायचा तुला पूर्ण अधिकार आहे.

आता जे पुढचं लिहितो ते तुझ्यामार्फत संस्थाचालकांना आणि माझ्या सहकाऱ्यांना. या ताईचं काम वेळापत्रकात घ्या. आठवड्यातले ठरावीक तास, बसायला एक खोली, दोन संगणक, बस. काम सुरू करण्याआधी तिला प्रशिक्षण द्या: प्रश्न कसे विचारायचे, कुठे थांबायचं, दुसऱ्याच्या लिखाणाला हात न लावता मदत कशी करायची. तिला मानधन द्या किंवा श्रेयांक द्या, आणि प्रमाणपत्रावर या कामाची नोंद करा. महिन्यातून एकदा तिच्याबरोबर बसून मुलं कुठे अडतात ते विचारून घ्या. आम्ही वर्गात काय धड शिकवलं नाही, याची तिच्याइतकी अचूक माहिती कुणाकडे नसते. आणि तिच्या जिवावर बायोस्टॅटच्या शिक्षकाची जागा रिकामी ठेवू नका. बेल यांच्या पद्धतीचं जे झालं, ते इथे होऊ नये. शिक्षक असेल तरच सहाध्यायी उभी राहू शकते, ती शिक्षकाची जागा भरून काढण्यासाठी नाही.

ताई, वर्षभरात तू इथून बाहेर पडशील. जाण्याआधी दोघा-तिघांना हाताशी धर. तू मदत करत असताना त्यांना शेजारी बसव, मग ते मदत करत असताना तू गप्प बसून बघ. ज्या विभागात हे काम एका माणसावर उभं असतं, तिथे ते त्या माणसाबरोबर निघून जातं. ज्या विभागात त्याची रीत पडते, तिथे दरवर्षी येणाऱ्या प्रत्येक मुलाला आपला आकडा स्वतः समजून घेण्याची आणि स्वतःच्या शब्दांत लिहिण्याची संधी मिळते. ती रीत पाडायला तू सुरुवात कर. संस्थेकडे वेळ, जागा आणि मानधन मागायला जाशील तेव्हा आम्हा शिक्षकांना हाक मार. आम्ही तुझ्याबरोबर येऊ.

तुझा,
संख्याशास्त्राचा एक शिक्षक